दोन चाकू, नाव एकच: 'काम'

संशोधनाची तयारी करणाऱ्यांना सगळ्यात सोपा वाटणारा विषय म्हणजे तुलना. 'अ आणि ब यांचा तौलनिक अभ्यास' असे शीर्षक लिहिले की अर्धे काम झाल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात तुलना कुठे फसते हे बघायला आज प्रयोगशाळेतले उदाहरण नको, खिशातले घेऊ. रोज जवळ ठेवायला एक चांगला, महागडा घडीचा चाकू घ्यायचा आहे आणि शेवटी दोनच नावे उरली आहेत: ख्रिस रीव्ह यांचा सेबेन्झा ३१ आणि स्पायडर्को कंपनीचा पॅरामिलिटरी २. दोन्ही अमेरिकेत बनतात. सेबेन्झाची किंमत दुसऱ्याच्या दुपटीहून जास्त. कोणता घ्याल?

बहुतेक जण लगेच तक्ता करतात. पात्याची लांबी, वजन, पोलाद, किंमत. तक्ता वाईट नाही, पण त्यातले रकाने कोणी ठरवले? तुम्ही की कंपनीच्या माहितीपत्रकाने? म्हणून तक्त्याच्या आधी इतिहास बघायचा. ही वस्तू कोणत्या अडचणीवर उपाय म्हणून जन्माला आली, ते कळले की रकाने आपोआप ठरतात.

सेबेन्झापासून सुरुवात करू. २००८ साली या चाकूची 'सेबेन्झा २१' ही आवृत्ती आली. २१ कशाचे? चाकूला २१ वर्षे झाली म्हणून. वजाबाकी करा, १९८७ मिळते. रीव्ह दक्षिण आफ्रिकेतून अमेरिकेत आयडाहो राज्यातल्या बॉइझी शहरात आले ते १९८९ मध्ये. म्हणजे 'अमेरिकन' म्हणून विकला जाणारा हा चाकू मुळात आफ्रिकेत आखला गेला. नाव झुलू भाषेतले का, हेही इथेच कळते. सेबेन्झा म्हणजे काम. नावातल्या एका आकड्यातून एवढा इतिहास निघतो. साधने वाचणे म्हणतात ते यालाच.

रीव्ह मुळात साचे आणि हत्यारे बनवणारे कारागीर. कारखान्यातली हत्यारे बनवणाऱ्याचे डोके कशावर चालते? दोन भाग एकमेकांत किती अचूक बसतात यावर. सेबेन्झाची सगळी रचना तिथून येते. पाते ज्या खिळ्यावर फिरते त्याभोवती नेमक्या मापाची बुश असते, त्यामुळे स्क्रू पूर्ण आवळला तरी पाते अडकत नाही. चाकू उघडून, पुसून, वंगण लावून परत जोडा, तो पहिल्यासारखाच चालतो. कंपनी चाकूबरोबर त्यासाठी लागणारी किल्लीसुद्धा देते.

आता दुसरी बाजू. सॅल ग्लेसर आणि त्यांची पत्नी गेल यांनी १९७० च्या दशकात गाडीतून गावोगाव फिरून, जत्रा-प्रदर्शनांत माल विकून धंदा उभा केला. पुढे कोलोरॅडोतल्या गोल्डन या गावी स्थिरावले. त्यांची कंपनी चाकूंच्या आधी धार लावायची साधने विकत होती. हा क्रम लक्षात ठेवा. धार लावणाऱ्याकडे लोकांचे चाकू येतात ते बोथट होऊन. वस्तू नवी असताना कशी आहे यापेक्षा वापरून झाल्यावर तिचे काय होते, ते त्याला आधी दिसते.

१९८१ मध्ये त्यांचा पहिला चाकू आला. पात्यात एक गोल भोक, म्हणजे अंगठा घालून एका हाताने उघडता यावा. मुठीवर क्लिप, म्हणजे खिशाच्या तळाशी शोधावा लागू नये. आज ही दोन्ही वैशिष्ट्ये इतकी सर्रास दिसतात की ती कोणाला तरी सुचावी लागली होती, हेच आपण विसरतो. त्या चाकूचे नाव काय होते? वर्कर. दोन खंडांत, एकमेकांशी संबंध नसताना, दोघांनी आपल्या चाकूला 'काम' याच अर्थाचे नाव दिले. पण एकाच्या लेखी काम म्हणजे अचूक जुळणी आणि दुसऱ्याच्या लेखी प्रत्यक्ष वापर.

हा फरक सगळ्यात स्पष्ट दिसतो तो कुलपात. घडीच्या चाकूत कुलूप म्हणजे चैन नव्हे. उघडे पाते अवचित मिटले तर खाली तुमची बोटे असतात. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला मायकेल वॉकर या अमेरिकन कारागिराने मुठीच्या आत धातूची एक लवचिक पट्टी बसवली. पाते उघडले की पट्टी त्याच्या बुडामागे सरकते आणि त्याला मिटू देत नाही. रीव्ह यांनी हीच कल्पना पुढे नेली. वेगळी पातळ पट्टी न घेता टायटॅनियमच्या मुठीचीच एक बाजू कापून तिची पट्टी केली. पट्टी जाड झाली आणि हाताची पकड तिला आणखी घट्ट दाबू लागली. मात्र टायटॅनियम पोलादावर घासले की चिकटते. सेबेन्झा ३१ मध्ये त्या जागी सिरॅमिकची छोटी गोळी आली ती म्हणूनच.

ग्लेसर यांनी पट्टी मुठीच्या पाठीकडे नेली. तिथे ती पात्याचे बूड आणि आडवी खीळ यांच्यामध्ये पाचरीसारखी बसते. पाते मिटायचा प्रयत्न करते तेव्हा पट्टी वाकत नाही, दाबली जाते. शिवाय मिटताना बोटे पात्याच्या वाटेत येत नाहीत. २०१० च्या पॅरामिलिटरी २ मध्ये हेच कुलूप आहे. मूळ प्रश्न एक, उत्तरे दोन, आणि दोन्ही बरोबर. अशा ठिकाणी 'श्रेष्ठ कोणते' हा प्रश्न घाईचा ठरतो.

आता पोलाद. क्रूसिबल कंपनीचे एस३०व्ही हे पोलाद २००१ मध्ये आले आणि ते घडवताना रीव्ह यांचा सल्ला घेतला गेला होता. वितळलेल्या पोलादाची बारीक भुकटी करून ती उष्णता आणि दाबाखाली पुन्हा घट्ट करतात, त्यामुळे कठीण कार्बाइडचे कण लहान आणि सारखे पसरलेले राहतात. २०१० च्या सुमारास आपले दोन्ही चाकू याच पोलादाचे होते. म्हणजे तक्त्यातला 'पोलाद' हा रकाना दोघांचा सारखाच! तरी चाकू सारखे नव्हते. रीव्ह पात्याचा कडकपणा रॉकवेल मापावर ५८-५९ एवढाच ठेवत, म्हणजे धार लावणे सोपे जावे. त्यांच्या पात्याच्या बाजू किंचित खोलगट, तर पॅरामिलिटरीच्या सरळ उतरत्या. पोलादाचे नाव वाचून धारेचा अंदाज बांधणे म्हणजे तांदळाची जात वाचून भात कसा झाला ते सांगणे.

मग निव्वळ पोलादाची तुलना करायची कशी? स्पायडर्कोने त्यासाठी 'म्यूल टीम' नावाचा उपक्रम चालवला. एकच आकार, एकच आराखडा, फक्त पोलाद दरवेळी वेगळे. एक चल बदला, बाकी स्थिर ठेवा, हे आपण पहिल्या वर्षाला शिकतो, ते इथे विकत मिळते. शेफील्डच्या कॅट्रा संस्थेचे यंत्र वाळूमिश्रित जाड कागद कापून धार मोजते. तिथेही धारेचा कोन सारखा नसेल तर निकालात पोलादाचा परिणाम आणि कोनाचा परिणाम वेगळा काढता येत नाही. धातुशास्त्रात पीएचडी केलेल्या लॅरिन थॉमस यांनी हा मुद्दा आकडेवारीने मांडला आहे. त्यांनीच आखलेले मॅग्नाकट हे पोलाद २०२१ मध्ये आले आणि आज या दोन्ही चाकूंच्या काही आवृत्त्यांत ते मिळते.

तर मग कोणता? उत्तर टाळत नाही. रोजचे काम खोकी, दोऱ्या, फळे कापायचे असेल, एक हात अडकलेला असताना उघडायचा-मिटायचा असेल, तर पॅरामिलिटरी २ घ्या. तो सुमारे १०६ ग्रॅमचा, सेबेन्झाच्या मोठ्या आकाराहून हलका आहे आणि कापण्यात कुठेही मागे नाही. सेबेन्झाचे जास्तीचे पैसे जास्त कापण्यासाठी नसतात. ते असतात जुळणीसाठी आणि वीस वर्षांनी स्वतःच्या हाताने उघडून पुन्हा तशीच जोडता येणाऱ्या वस्तूसाठी. ते तुम्हाला हवे असेल तर ती किंमत रास्त आहे. मात्र 'महाग आहे म्हणजे जास्त कापत असेल' हे अनुमान कुठल्याच पुराव्यातून निघत नाही.

आता तुमचा आराखडा समोर घ्या. दोन पद्धती, दोन उत्प्रेरक, दोन प्रतिमाने, जे काही असेल ते. प्रत्येकाखाली एक वाक्य लिहा: हे कोणी, कोणत्या अडचणीसाठी बनवले? दोन्ही वाक्ये वेगळी निघाली तर शीर्षकातला 'श्रेष्ठ' हा शब्द खोडा आणि त्या जागी 'कशासाठी' लिहा. मार्गदर्शकांकडे जायच्या आधी एवढे करा, तोंडी परीक्षेतला पहिला अवघड प्रश्न घरीच सुटलेला असेल.