७. सोंगजू

कोरियाच्या पारंपरिक लोकधर्मातील प्रमुख गृहदेव. त्याचा वास घराच्या तुळईत मानतात. त्याची मूर्ती नसते. घडी घातलेला पांढरा हानजी (तुतीच्या सालीचा हातकागद) तुळईला किंवा खांबाला लावतात, नाहीतर धान्याने भरलेले मडके ठेवतात. घरातली बाई पहाटे चुलीवरच्या वाटीतले पाणी बदलते ते मात्र चोवांग या चुलीच्या देवतेसाठी. इतर जागांचेही रक्षक ठरलेले आहेत: परसात थोजू हा वास्तुभूमीचा राखणदार, आतल्या खोलीत गर्भवती व तान्ह्या मुलांना जपणारी सामशिन, शौचकूपात कोपिष्ट छुकशिन. सुगीनंतर, चांद्र वर्षाच्या दहाव्या महिन्यात, या सर्वांची ‘कोसा’ ही पूजा होते. तांदळाच्या पिठात लाल कडधान्याचे थर देऊन उकडलेला शिरुत्तोक हा तिचा नैवेद्य. ही पूजा बहुधा घरातली कर्ती बाईच करते. पुजारी लागतोच असे नाही. दक्षिण कोरियात १९७० च्या दशकातील सेमाउल ग्रामसुधार चळवळीच्या काळात अशा पूजांना अंधश्रद्धा ठरवले गेले आणि त्या झपाट्याने कमी झाल्या.