थंडी शाबूत, पत्ता गायब

(सर्व वेळा भारतीय प्रमाणवेळेनुसार)

गुरुवार, २२ जून २०१७

युक्रेनमध्ये धंदा करायचा आणि कर भरायचा, तर बहुतेकांच्या संगणकावर एमईडॉक असतंच. आपल्याकडे टॅली असतं तसं. ते बनवणारी कीव्हमधली कंपनी छोटी, घरच्याच माणसांनी चालवलेली. आज तिच्या सर्व्हरवरून जो अपडेट गेला, त्याच्या पोटात चोरदरवाजा होता. एप्रिलमध्ये आणि मे महिन्यातही असाच एकेक गेला होता. कंपनीला गंधवार्ता नव्हती.

ओडेसातल्या मेर्स्क या जहाज कंपनीच्या कचेरीत वित्त विभागातल्या एका अधिकाऱ्याच्या सांगण्यावरून हे सॉफ्टवेअर एका संगणकावर बसवलं होतं. एकाच. आणि मेर्स्क म्हणजे तेव्हा जगातल्या कंटेनर जहाजांच्या क्षमतेचा जवळपास पाचवा हिस्सा.

मंगळवार, २७ जून, दुपारी २.२९

चोरलेला पासवर्ड वापरून कुणीतरी एमईडॉकच्या सर्व्हरमध्ये शिरलं.

दुपारी २.४२

सर्व्हरची वाट वळवली गेली. अपडेट मागायला येणारा प्रत्येक संगणक आता परस्पर हल्लेखोरांच्या दारात जाऊ लागला.

दुपारी ४ च्या सुमारास

नॉटपेट्या नावाचा विषाणू फुटला. यात दोन हत्यारं एकत्र होती. एक अमेरिकी गुप्तहेर संस्थेकडून चोरीला गेलेलं, विंडोजमधल्या फटीतून घुसणारं. दुसरं संगणकाच्या स्मृतीतून पासवर्ड उचलणारं. पहिल्याची फट बुजवलेले संगणकही दुसऱ्याच्या तावडीत सापडत होते. यंत्रात शिरल्यावर तो तासाभराच्या आत संगणक बंद करून पुन्हा चालू करायचा आणि डिस्क तपासत असल्याचं नाटक करत सगळी माहिती कुलूपबंद करायचा. मग ३०० डॉलरची खंडणी. ती भरून उपयोग नव्हता, कारण कुलपाची किल्ली हल्लेखोरांनी ठेवलीच नव्हती. खंडणी हा मुखवटा होता, हेतू विध्वंसाचा.

संध्याकाळ, कोपनहेगन

मेर्स्कच्या मुख्यालयात एकेक पडदा काळा होत गेला. ज्यांना कळलं ते मजल्यामजल्यांवर धावत सुटले आणि ओरडून सांगू लागले, संगणक बंद करा, वायर उपटा. बैठका चालू असलेल्या खोल्यांत घुसून लोकांनी यंत्रं बंद केली. सगळं जाळं तोडायला दोन तासांहून अधिक गेले. तोवर उशीर झाला होता. फोनही त्याच जाळ्यावर, त्यामुळे तेही मुके.

समुद्रावरच्या जहाजांना मात्र काहीच झालं नव्हतं. इंजिनं शाबूत. आणि जहाजांवरचे रीफर, म्हणजे शीत कंटेनरही ठरलेल्या तापमानाला गार होते.

रीफर कंटेनरबद्दल एक गैरसमज असतो, की तो फ्रीजसारखा माल गार करतो. तसं नाही. माल आधीच प्री-कूलिंग करून भरायचा असतो. रीफर फक्त ते तापमान टिकवतो. त्याच्या एका टोकाला शीतयंत्र असतं, तळाच्या खाचांमधून गार हवा मालाखाली सोडली जाते आणि ती वर चढून परत यंत्राकडे येते. यार्डात आणि जहाजावर त्याला थ्री-फेज वीज लागते, ट्रेलरवर असताना डिझेलचा जेनसेट. प्लग काढला की घड्याळ सुरू. उणे १८ अंशांचं गोठवलेलं मांस किंवा कोळंबी, दार उघडलं नाही तर, बराच वेळ तग धरते. फळांना ती मुभा नाही. फळं श्वास घेतात, स्वतःच उष्णता सोडतात.

पण वीज ही निम्मीच गोष्ट. हा कंटेनर कुणाचा, आत काय आहे, सेटपॉईंट, म्हणजे ठरवलेलं तापमान, किती, कोणत्या जहाजावर चढायचा, गेटवर याला सोडायचं की अडवायचं? ही सगळी उत्तरं कंटेनरच्या पत्र्यावर लिहिलेली नसतात. पत्र्यावर असतात चार अक्षरं आणि सात अंक. बाकीचं सारं त्या क्षणी पुसल्या जाणाऱ्या सर्व्हरांवर होतं.

संध्याकाळी ६.०३

एमईडॉकच्या सर्व्हरवरची वळवलेली वाट पूर्ववत झाली. चोराने काम उरकून हात धुतले.

संध्याकाळी ६.३० च्या सुमारास

अमेरिकेत सकाळचे नऊ. न्यू जर्सीतल्या एलिझाबेथ बंदरात मेर्स्कचं टर्मिनल आहे. तेव्हा दिवसाला सुमारे ३,००० ट्रक त्याच्या गेटमधून जात. गेट निपचित पडलं. ट्रकांच्या रांगा मैलोन्‌मैल लागल्या. कुणीच काही सांगेना, कारण सांगू शकणाऱ्यांचे ईमेलही बंद होते. थोड्या वेळाने पोलिसांनी ट्रकवाल्यांना परत फिरायला सांगितलं.

परत फिरून जायचं कुठे? कोरडा माल कुठल्याही शेडमध्ये टाकता येतो. रीफरला प्लग लागतो. ज्यांच्याकडे नाशवंत माल होता, त्यांनी मिळेल त्या दराने शीतगृहं शोधली किंवा दुसऱ्या कंपनीचं जहाज गाठलं. जहाजं धक्क्याला लागत होती. पण कोणत्या कंटेनरमध्ये काय आहे हे सांगणारी फाईल वाचणारं टर्मिनलवर काही उरलं नव्हतं. जगभरातल्या मेर्स्कच्या ७६ टर्मिनलांपैकी १७ या फटक्यात सापडली.

रात्र, न्हावा शेवा

त्या सतरांतलं एक आपलं. जेएनपीटीतलं गेटवे टर्मिनल्स इंडिया, म्हणजे सगळ्यांच्या तोंडचं जीटीआय, मेर्स्कच्याच समूहाचं. तिथलं काम ठप्प झालं. निर्यातीचा कंटेनर आत घ्यायचा तर फॉर्म थर्टीन हवा, आणि तो निघतो संगणकावरून. गुजरातेतलं पिपावावही याच समूहाचं, त्यालाही झळ बसली.

नशीब एवढंच, की जून संपत आला होता. नाशिक-सांगलीच्या द्राक्षांचे रीफर फेब्रुवारी-मार्चमध्ये युरोपकडे रांगेने निघतात. हा दणका तेव्हा बसला असता, तर द्राक्षबागायतदाराने कुणाच्या नावाने शंख करायचा? त्याचा युक्रेनच्या करभरणीशी संबंध काय?

बुधवार, २८ जून, पहाटे १.१६

एमईडॉकची वाट ज्या सर्व्हरकडे वळवली होती, त्याची डिस्क पुसून हल्लेखोरांनी पुरावा नष्ट केला.

२८ जून, दिवसा

नौवहन मंत्रालयाने निवेदन काढलं: कंटेनर तुंबतील, व्यापाराला आणि स्थानिकांना कमीत कमी त्रास व्हावा म्हणून बंदर प्रयत्न करत आहे. हातकाम सुरू झालं, म्हणजे कागद आणि पेन. जगभर मेर्स्कची माणसं खासगी जीमेल, एक्सेल आणि व्हॉट्सॲपवर बुकिंगं घेऊ लागली.

पुढचे दहा दिवस

जाळ्याचा नकाशा ज्यांच्यात साठवलेला असतो, असे सुमारे दीडशे सर्व्हर मेर्स्ककडे होते. ते एकमेकांची नक्कल ठेवत; सगळेच एकदम जातील हे कुणी धरलंच नव्हतं. एक मात्र वाचला, घानामधला. हल्ल्याच्या वेळी तिथे वीज गेलेली होती! भारनियमनाला आयुष्यभर शिव्या घातलेल्या आपल्यासारख्यांनी हे दोनदा वाचावं. इंटरनेट इतकं संथ, की ती माहिती पाठवता येईना; घानातल्या कर्मचाऱ्याकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. शेवटी त्याने नायजेरियाच्या विमानतळावर हार्डडिस्क दुसऱ्याच्या हाती दिली आणि ती इंग्लंडला पोचली. ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक दहा दिवसांत नव्याने उभे केले गेले. कंपनीने नुकसान २५ ते ३० कोटी डॉलर सांगितलं. या हल्ल्याबद्दल २०२० मध्ये अमेरिकेने रशियाच्या लष्करी गुप्तचर यंत्रणेतल्या सहा अधिकाऱ्यांवर आरोप ठेवले.

कंपनीने सांगितलेल्या नुकसानीच्या आकड्यात कुणाच्या किती रीफरमधला माल गेला हे मोजलेलं नाही. आणि विमा? कॅडबरी विकणाऱ्या मॉण्डेलीझलाही याच विषाणूने मारलं. तिने दावा लावला, तेव्हा विमा कंपनीने हे युद्धसदृश कृत्य आहे म्हणत हात वर केले. खटला चालला आणि २०२२ मध्ये तडजोडीवर मिटला. गोठवलेल्या मालाच्या विम्याचं एक जुनं, प्रचलित कलम असं आहे, की शीतयंत्र सलग २४ तास बंद पडलं तर भरपाई. इथे शीतयंत्र बिघडलंच नव्हतं. शिवाय सीएल ३८० नावाचं एक कलम सायबर हल्ल्याने झालेलं नुकसान सरळ वगळतं. निर्यातदारांनी पुढच्या हंगामाची पॉलिसी घेताना एजंटला एवढंच विचारावं: यात सीएल ३८० आहे का? असेल, तर ते काढून घ्यायला जादा हप्ता किती? आणि हे आधी, कंटेनर गेट-इन झाल्यावर नव्हे.