बरा न होणारा नायक

माहूर हे दत्ताचं स्थान. नांदेड-लातूरकडच्या अनेक घरांत ‘गुरुचरित्रा’चं पारायण होतं. ते ऐकत वाढणाऱ्या पोरांना त्यात दोन मुलं भेटतात. आठव्या अध्यायातल्या मंदबुद्धी मुलाला लोक इतकं हिणवतात, की मायलेक नदीत जीव द्यायला निघतात. श्रीपाद श्रीवल्लभ मस्तकावर हात ठेवतात आणि मुलगा विद्वान होतो. अकराव्या अध्यायात कारंज्याचा नरहरी ॐ सोडून काहीच बोलत नाही. मुंज लागते आणि तो वेद म्हणू लागतो. उणीव गेली की मगच आईबापांचा जीव भांड्यात पडतो. युरोपातही निराळं नव्हतं. १८८१ साली पुऱ्या झालेल्या ‘हायडी’त चाकाच्या खुर्चीतली क्लारा अखेर डोंगरावर चालू लागते.

पण मराठवाड्याकडे दुसरी गोष्टही आहे. महिपतींच्या ‘भक्तविजया’तला (१७६२) पैठणचा कूर्मदास हातपायांविना जन्मलेला. सरपटत पंढरीला निघाला आणि लऊळला येऊन थकला. तेव्हा विठ्ठलच त्याच्या भेटीला आला. कूर्मदासाला हातपाय फुटले नाहीत. चालावं लागलं ते देवाला.

आजच्या किशोरकथेला या दोन वाटांमधली एक निवडावी लागते. आर. जे. पलासिओ यांच्या ‘वंडर’मधल्या (२०१२) ऑगीचा चेहरा शेवटपर्यंत तसाच राहतो, बदलतात वर्गातली मुलं. आपल्याकडे माधवी घारपुरे यांच्या कथेवरचा ‘श्वास’ (२००४) चमत्कार नाकारतो. परशुरामचे डोळे जातातच. मात्र त्याचं अंध म्हणून जगणं सुरू होतं, तिथं सिनेमा संपतो. त्यापुढची गोष्ट परशुरामनं स्वतः सांगायला हवी.

लातूर जिल्ह्यात ही गरज अधिक ठसठशीत आहे. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपानं लातूर-उस्मानाबादेत सुमारे १०,००० माणसं गेली. दगडमातीच्या भिंतींखालून वाचलेल्या काहींना कायमचं अपंगत्व आलं. तिथं कुणी मस्तकावर हात ठेवायला आलं नाही. १९९५च्या कायद्यानं अपंगत्वाचे ७ प्रकार मानले, २०१६च्या कायद्यानं २१. कायद्यानं मुलाला शाळेत जागा मिळते. मधल्या सुट्टीत त्याला खेळात घ्यायचं की नाही, हे वर्गातली पोरं ठरवतात. आणि ती पोरं गोष्टी वाचतात. म्हणून कुबडी घेतलेल्या नायकाला शेवटच्या पानावर धावायला लावू नये. त्यानं खोड्या काढाव्यात, गणितात नापास व्हावं, भांडावं. लऊळपर्यंत यायचं काम बाकीच्यांचं.