डेल्को: जुन्या पद्मिनीच्या ठिणगीची गोष्ट

आजचा भाग एका शब्दावरून सुरू होतो. यवतमाळात जुन्या पेट्रोल गाड्या करणाऱ्या कुठल्याही मिस्त्रीला विचारा, बॉनेटखाली काळ्या टोपीचा, जाड वायरी निघालेला तो डबा कोणता? तो म्हणेल, डेल्को. पुस्तकात त्याला डिस्ट्रिब्यूटर म्हणतात, गॅरेजात नाही.

डेल्को हे खरं तर कंपनीचं नाव. चार्ल्स केटरिंग आणि त्याच्या जोडीदाराने 1909 मध्ये अमेरिकेतल्या डेटन गावात 'डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी' काढली, तिची ही आद्याक्षरं. वनस्पती तुपाला आपण डालडा म्हणतो ना, तसंच.

केटरिंगची युक्ती साधी होती. बॅटरीचा करंट कॉइलमधून फिरवायचा आणि नेमक्या क्षणी तोडायचा. तोडला की कॉइलमधलं चुंबकत्व कोसळतं, त्यातून हजारो व्होल्ट तयार होतात आणि प्लगवर ठिणगी पडते. तोडायचं काम दोन छोटे पॉइंट करतात. त्यांच्यातली फट साधारण 0.4 मिलिमीटर. शेजारी कंडेन्सर असतो, तो पॉइंट जळू देत नाही. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेत असेल तर हे तोडणं-जोडणं मिनिटाला 6000 वेळा होतं. सेकंदाला शंभर! झिजणारच ना बिचारे.

आपल्याकडे हा डबा घरोघरी ओळखीचा झाला तो फियाटमुळे. वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यातून 1964 मध्ये फियाट 1100 डिलाइट आली आणि सत्तरच्या दशकात तीच प्रीमियर पद्मिनी झाली. इंजिन 1089 सीसी, ठिणगीचा क्रम 1-3-4-2. मुंबईची काळी-पिवळी म्हणून तिला सगळे ओळखतात, पण वऱ्हाडातही डॉक्टर, वकील, कापसाचे व्यापारी यांच्या दारात ती असायची. (काळी-पिवळी जीप वेगळी हं. डिझेल इंजिनात ठिणगीच लागत नाही, मग डेल्को कशाला?)

अमेरिकेने मात्र पॉइंट तोवर सोडायला घेतले होते. तिथल्या 1970 च्या हवा-प्रदूषण कायद्याने गाडीचा धूर 50,000 मैल, म्हणजे 80,000 किलोमीटर, मर्यादेत राहायला हवा अशी अट घातली. पॉइंट झिजले की टायमिंग हलतं, पेट्रोल अर्धवट जळतं. म्हणून क्रायस्लरने 1973 मध्ये तिथल्या आपल्या सगळ्या गाड्यांना इलेक्ट्रॉनिक इग्निशन दिलं. करंट तोडायचं काम ट्रान्झिस्टरकडे गेलं. आपण आणखी बरीच वर्षं पॉइंट घासत बसलो. याला मागासलेपण म्हणायला मी तयार नाही. पॉलिश पेपरचा तुकडा आणि पेचकस एवढ्यावर पांढरकवड्याच्या रस्त्याकडेला गाडी चालू होत असे, ही सोय लहान नव्हती.

आता जुन्या डेल्कोत बसणारे इलेक्ट्रॉनिक किट मिळतात. पॉइंटच्या जागी छोटं मॉड्यूल आणि फिरणारं चुंबक. त्यातला सेन्सर बहुधा हॉल इफेक्टवर चालतो, जो एडविन हॉलने 1879 मध्ये शोधला. म्हणजे कार येण्याच्याही आधी!

माझ्या मामाच्या पद्मिनीला असंच किट बसवलं. सकाळी गाडी मस्त. मे महिन्यातल्या दुपारी मात्र तासभर चालली की बंद. मामाने पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकलं, कारण आपल्या उन्हात पाइपात पेट्रोलची वाफ होऊन गाडी अडणं हा जुनाच आजार. अर्ध्या तासाने गाडी सुरू! तीनदा असं झालं आणि सगळ्यांना पटलं की दोष पेट्रोलचा.

दारव्हा रोडवरच्या मिस्त्रीभाऊंना ते पटलं नाही. "फडक्यानं नाही झाली चालू, अर्धा तास थंडी झाली म्हणून झाली," ते म्हणाले. "आधी करंट पाह्य, मंग पेट्रोल." पुढच्या वेळी गाडी बंद पडल्या पडल्या त्यांनी ठिणगी तपासली. नव्हतीच. मग व्होल्टेज पाहिलं, अर्थिंग पाहिलं, दोन्ही ठीक. शेवटी कॉइल थंड करून तिच्या वायरी सोडल्या आणि मीटर लावला. 1.5 ओहम.

इथे गणित करा. 12 व्होल्टला 1.5 ओहम म्हणजे 8 अँपिअर. किटला हवी होती 3 ओहमची कॉइल, म्हणजे 4 अँपिअर. दुकानदाराने किटसोबत जी कॉइल दिली ती वेगळा रेझिस्टर लावून चालवायची होती, आणि तो रेझिस्टर कुणी लावलाच नव्हता. दुप्पट करंट, वरून यवतमाळचं ऊन. मॉड्यूल तापून झोपायचं, थंड झालं की उठायचं. पॉइंट तापून काळे पडले तर डोळ्यांना दिसतात. मॉड्यूल बाहेरून जसंच्या तसं दिसतं, त्याला मीटरच लागतो. मिस्त्रीभाऊंनी वयाच्या साठीत तो विकत घेतला आणि वापरायला स्वतःच शिकले.

3 ओहमची कॉइल बसवली, टायमिंग पुन्हा लावलं. त्या उन्हाळ्यात गाडी परत अडली नाही. मॉड्यूल मात्र कधी कायमचं गेलं तर रस्त्यात दुरुस्त होत नाही. म्हणून भाऊंनी जुने पॉइंट आणि कंडेन्सर प्लेटसकट प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळले, सोबत एक पेचकस टाकला आणि पिशवी डिकीत ठेवून दिली.