गंजिफा : समतोल राखणारे नियम

बैठ्या खेळांच्या नियमांची शास्त्रशुद्ध मांडणी मराठवाड्याला नवी नाही. आजच्या छत्रपती संभाजीनगरचे, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादचे पंडित हरिकृष्ण यांनी १८७१ मध्ये 'बृहज्ज्योतिषार्णव' हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. त्यातील 'क्रीडाकौशल्य' या भागात बुद्धिबळासह अनेक खेळांचे विवेचन आहे. खेळ हा केवळ विरंगुळा नसून त्यालाही शास्त्र असते, ही दृष्टी त्यामागे दिसते. याच दृष्टीने पाहण्याजोगा महाराष्ट्रातील जुना पत्त्यांचा खेळ म्हणजे गंजिफा. सावंतवाडीची गोल, रंगीत पाने अनेकांनी पाहिलेली असतात. ती खेळायची कशी, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

पूर्वपीठिका

गंजिफा इराणातून भारतात आला. बाबराने १५२७ मध्ये सिंधमधील शाह हसन याला गंजिफाची पाने पाठविल्याचा उल्लेख 'बाबरनामा'त आहे. अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'त बारा रंगांच्या १४४ पानांचे वर्णन असून अकबराने त्यांत फेरबदल केल्याचेही नमूद आहे. पुढे आठ रंगांचा ९६ पानांचा मोगल संच रूढ झाला. त्याच्या जोडीला विष्णूच्या दहा अवतारांवर आधारलेला १२० पानांचा दशावतारी संच प्रचारात आला. सावंतवाडीत प्रामुख्याने हाच संच तयार होतो.

उलट-सुलट क्रम

प्रत्येक रंगात बारा पाने असतात : राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा. राजा व प्रधान सर्वत्र श्रेष्ठ असतात. मात्र निम्म्या रंगांत प्रधानाखाली दश्शी, नव्वी असा उतरता क्रम लागतो, तर उरलेल्या निम्म्या रंगांत एक्का, दुर्री असा चढता क्रम लागतो. म्हणजे दश्शी एका रंगात तिसऱ्या क्रमांकाची असते आणि दुसऱ्या रंगात सर्वांत शेवटची, बाराव्या क्रमांकाची.

नवख्याला गोंधळात टाकणाऱ्या या नियमात मोठी सूक्ष्मता आहे. कोणताही आकडा घेऊन दोन्ही प्रकारच्या रंगांतील त्याच्या क्रमांकांची बेरीज केली, तर ती पंधराच येते. दश्शीचे तीन आणि बारा, पंजीचे आठ आणि सात, एक्क्याचे बारा आणि तीन. त्यामुळे नुसता आकडा पाहून पान चांगले की वाईट, हे ठरविता येत नाही.

उतारी आणि हुकूम

या खेळात एखादा रंग तुरुपाचा नसतो. 'हुकूम' हा शब्दही येथे वेगळ्या अर्थाने येतो. एखाद्या रंगातील खेळून न गेलेल्या पानांपैकी सर्वांत वरचे पान म्हणजे हुकूम. राजा गेला की प्रधान हुकूम होतो, प्रधान गेला की त्याखालचे पान. साहजिकच कोणती पाने गेली, हे लक्षात ठेवणे हेच खरे कौशल्य ठरते. अनेक ठिकाणच्या रिवाजानुसार उतारी ज्याच्याकडे असेल त्याला आपले हुकूम आधी खेळावे लागतात. बलवान हाताने आपले बळ राखून ठेवू नये, असा या नियमाचा परिणाम होतो; शिवाय त्याचे हुकूम संपताच इतरांची दुय्यम पाने हुकूम बनतात.

पहिली उतारी कोणाची, हे वेळेवरून ठरते. दशावतारी खेळात दिवसा रामाचा राजा ज्याच्या हाती असेल तो सुरुवात करतो आणि रात्री कृष्णाचा. मोगल संचात दिवसा सुर्ख आणि रात्री सफेद या रंगाला हा मान असतो. त्यामुळे वाटणाऱ्याच्या शेजारी बसण्याचा कायमचा लाभ कोणालाच मिळत नाही. तथापि तिन्हीसांजेला मांडलेला डाव दिवसाचा मानायचा की रात्रीचा, हे पाने वाटण्यापूर्वीच ठरवून घेणे श्रेयस्कर.

समतोल कशाचा?

एवढे करूनही वाटणी समान होत नाही. दशावतारी संचात दहा राजे असतात आणि ते तीन किंवा चार खेळाडूंत सारखे वाटले जाणे अशक्यच. हा दोष अनेक डाव खेळूनच निवळतो. ब्रिजच्या स्पर्धांत त्यावर वेगळा उपाय आहे : तीच वाटणी निरनिराळ्या टेबलांवर खेळविली जाते.

आजच्या संग्राह्य पत्त्यांच्या खेळांत वादाचे मूळ निराळे आहे. गणितज्ञ रिचर्ड गारफिल्ड यांचा 'मॅजिक : द गॅदरिंग' १९९३ मध्ये आला. त्यात प्रत्येक खेळाडू स्वतःचा संच विकत घेऊन जमवितो. पानावरील मजकूर आणि मूळ नियम यांत विरोध आला तर मजकूर ग्राह्य धरला जातो. साहजिकच दोन पानांच्या संयोगातून अनपेक्षित परिणाम उद्भवतात, आणि दुर्मिळ, बलवान पाने ज्याला परवडतात त्याचे पारडे जड होते. म्हणूनच जानेवारी १९९४ मध्ये काही पानांवर बंदी व मर्यादा घालणारी पहिली यादी काढावी लागली.

गंजिफातही श्रीमंती होतीच. दरबारी कलमाचे संच मौल्यवान असत, बाजार कलमाचे साधे व स्वस्त. परंतु हस्तिदंतावर रंगविलेला राजा कापडी राजापेक्षा एकही हात जास्त जिंकत नसे. सर्वजण एकाच संचातून खेळत असल्याने पैसा पानांच्या देखणेपणावर खर्च होई, बळावर नव्हे.

जतन कशाचे?

सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले व राणी सत्त्वशीलादेवी यांच्या पुढाकाराने १९७० च्या दशकात ही लोप पावणारी चित्रकला सावरली. पाने वाचली, हे मोठेच कार्य झाले. पण चौकटीत बसविलेल्या पानात तो उलट-सुलट क्रम दिसत नाही की रामाची दिवसाची उतारीही दिसत नाही. त्या गोष्टी खेळणाऱ्यांच्या स्मरणात असतात आणि न खेळल्यास त्यांच्याबरोबरच जातात. प्रत्येक संचासोबत नियमांचे एक मराठी पत्रक दिले, त्यात गावोगावचे पाठभेद नोंदविले आणि शाळा-ग्रंथालयांतून डाव मांडले, तर हे शास्त्रही कलेइतकेच टिकेल.