घंटा गेल्या, शिळा राहिल्या

बोळिंजहून वसईच्या किल्ल्यात जाणं म्हणजे एका जुन्या फिरंगी राजधानीत जाणंच. १५३४मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांना दिली. पुढे ती त्यांच्या उत्तर फिरंगाणाची राजधानी झाली.

मे १७३९मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला जिंकला. चर्चमधल्या घंटा देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या घंटेवर १७२१ हे साल आहे.

किल्ला दाखवताना हा विजय सांगायलाच हवा. पण फ्रान्सिस्कन चर्चच्या जमिनीत पोर्तुगीज अक्षरं कोरलेल्या थडग्यांच्या शिळाही आहेत. पोर्तुगीज गेले, इथले ख्रिस्ती मात्र इथेच राहिले. त्यांच्या चर्चमध्ये आज प्रार्थना मराठीत होते. आपल्या विजयाची आणि शेजाऱ्यांच्या प्रार्थनास्थळाची, दोन्ही गोष्टी ऐकल्याशिवाय वसई पाहून होत नाही.