विष गुंडाळणारं यीस्ट : क्वांटम डॉटची पुण्यातली गोष्ट

बोरिवलीहून होडीनं खाडी ओलांडून गोराईला यायचं, तर वाटेत तिवरं दिसतात. अलीकडच्या काठावर जुनं डम्पिंग ग्राउंड आहे, आता बंद करून मातीनं झाकलेलं. शहरांच्या कचऱ्यात कॅडमियमही जातं, जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांमधून. मूत्रपिंडाला आणि हाडांना घातक असा हा धातू. आज आपण त्याच्याच एका चमकत्या रूपाचा इतिहास पाहू.

कॅडमियम सल्फाइड म्हणजे चित्रकारांचा पिवळा रंग. त्याचा कण दोन-चार नॅनोमीटरचा केला की आतल्या इलेक्ट्रॉनला जागा अपुरी पडते, त्याची ऊर्जा वाढते. मग कण प्रकाश शोषू लागतो तो जांभळ्याच्या बाजूचा. पदार्थ तोच, फक्त आकार बदलला! हाच क्वांटम डॉट. १९८१ मध्ये सोव्हिएत रशियात अलेक्सी एकिमोव्ह यांनी काचेत आणि १९८३ मध्ये अमेरिकेत लुई ब्रुस यांनी द्रवात हा परिणाम दाखवला. मौंगी बावेंडींसह या दोघांना २०२३ चं नोबेल मिळालं.

आता गंमत बघा. १९८९ मध्ये 'नेचर'मध्ये एक शोधनिबंध आला, ब्रुसही त्याचे सहलेखक. कॅडमियम दिलेल्या यीस्टच्या पेशींत असेच कण सापडले होते. पेशी विषारी धातूला सल्फाइडमध्ये बांधते आणि वरून पेप्टाइडचं, म्हणजे प्रथिनांच्याच छोट्या तुकड्यांचं, वेष्टन घालते. वेष्टनामुळे कण वाढत नाही, म्हणून त्याचे प्रकाशगुण टिकतात.

२००२ मध्ये पुण्यात दोन गट याच वाटेनं गेले. आघारकर संशोधन संस्थेचे किशोर पाकणीकर आणि पुणे विद्यापीठाच्या सुलभा कुलकर्णी यांच्या गटानं यीस्टमधले १ ते १.५ नॅनोमीटरचे कण वापरून चक्क डायोड बनवला. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री यांच्या गटानं फ्युजेरियम बुरशीकडून पेशीबाहेर, पाण्यातच ५ ते २० नॅनोमीटरचे कण मिळवले. बुरशीनं सोडलेली विकरं सल्फेटचं सल्फाइड करतात.

भट्टी नको, तीव्र रसायनं नकोत. पण म्हणून हे निर्धोक झालं का? नाही. वेष्टन सुटलं, कण विरघळला, की कॅडमियम पुन्हा मोकळं. यीस्टला प्रकाश नको होता, जीव वाचवायचा होता. आपण प्रकाश घेतला. तर वापरून झालेला कण जाणार कुठे, हेही आपल्यालाच ठरवावं लागेल. खाडीकाठी राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

आता प्रश्न घेऊ या.